अठ्ठावीसचा हट्ट

पुण्या-मुंबईच्या रोड सायकलिंगवाल्यांमध्ये सध्या एक निकाल फार सहज दिला जातो. कुणी दहा-बारा वर्षांपूर्वीची, रिम ब्रेकची कार्बन रोड बाइक सेकंड हँड घेतली की पहिली विचारणा टायरच्या रुंदीची होते: हिच्यात २८ मिमीचा बसतो का? बसत नाही म्हटले की निकाल लागतो. पैसे वाया गेले, सायकल जुन्या जमान्याची आहे, येईल त्या किमतीला काढून टाक. त्याच घोळक्यात दुसरा कुणी धीर देतो, की बसतो रे, जरा घासेल, पण २८च टाक. आणि ज्याची वर्षानुवर्षे हायवेवर गेली आहेत असा तिसरा सांगतो, की रुंदीचे सोड, आपल्या रस्त्यांना जाड, कडक टायर लागतो. त्यात १२० पीएसआय हवा मार, म्हणजे पंक्चरची कटकट नाही.

हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्यामुळे चांगली सायकल मातीमोल भावात जाते. दुसऱ्यामुळे फ्रेम जायबंदी होऊ शकते. तिसऱ्यामुळे त्या सायकलीत विकत घेण्यासारखे जे होते, तेच मारले जाते. तिघे आपसांत भांडतात, पण समोर उभ्या असलेल्या सायकलीकडे, तिच्या फोर्कमधल्या फटीकडे आणि तिच्या रिमकडे तिघांपैकी एकही वाकून पाहत नाही. जुन्या कार्बन सायकलीचा टायर ठरतो तो नेमका तिथे.

रुंद टायरच्या बाजूने जे बोलले जाते त्याचा पाया भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ व्यावसायिक शर्यतींत २१ ते २३ मिमीचे टायर आणि ८ बारच्या आसपास हवा हाच रिवाज होता. जितका कडक तितका वेगवान, अशी समजूत होती. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पोलादी ड्रमवर ती खरीही ठरत असे, कारण हवा वाढली की टायर कमी दबतो आणि रबराच्या दबण्या-सुटण्यात वाया जाणारी ऊर्जा घटते. पण रस्ता ड्रमसारखा नसतो. सिएटलचे यान हाइने यांनी आपल्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकासाठी २००६ च्या सुमारास खऱ्या रस्त्यावर टायर तपासायला सुरुवात केली. पुढे हायवेच्या कडेला झोपाळू चालकांना जागे करण्यासाठी कोरलेल्या खडबडीत पट्ट्यांवरही सायकली चालवून पाहिल्या. हवा एका मर्यादेपलीकडे वाढवली तर वेग वाढत नाही, हे त्यांना आढळले. सायकल आणि तिच्यावरचे शरीर हादरत राहते, आणि स्वाराची ताकद त्या हादऱ्यांत मुरते. सिल्का कंपनीचे जॉश पोर्टनर यांनीही आपल्या चाचण्यांतून हेच दाखवले: प्रत्येक रस्त्यासाठी हवेचा एक टप्पा असतो, आणि तो ओलांडला की तोटा झपाट्याने वाढतो. या दोघांच्याही आधी फ्रँक बर्टो या अमेरिकन अभियंत्याने वजनाखाली टायर आपल्या उंचीच्या १५ टक्के दबावा, असे सूत्र मांडले होते. २५ मिमीच्या टायरसाठी ते पावणेचार मिलिमीटर होते.

या शोधांनी शर्यतींचे टायर बदलले. २३ चे २५ झाले, मग २८. दरम्यान आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ऑगस्ट २०१५ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकची चाचणी सुरू केली आणि १ जुलै २०१८ पासून त्यांना कायमची परवानगी दिली. रिमला पकडणारा कॅलिपर गेला तसा टायरच्या वर त्याचा अडसर राहिला नाही, आणि कारखान्यांनी फ्रेम मोकळ्या केल्या. आज ३० आणि ३२ मिमीला जागा देणाऱ्या शर्यतीच्या सायकली दुकानात मिळतात.

इथवर वाद नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘रुंद टायर हळू नसतो’ हे त्या चाचण्यांनी सिद्ध केले. बाजारात येईपर्यंत त्याचे ‘अरुंद टायर हळू असतो’ असे झाले. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्या फरकाची किंमत जुनी सायकल घेणारा भरतो आहे.

टायरचे कापड किती ताणले जाते हे आतली हवा आणि टायरची त्रिज्या या दोन्हींवर ठरते. एकाच दाबाला २८ मिमीचे कापड २५ पेक्षा १२ टक्के जास्त ताणलेले असते, म्हणून तो जास्त कडक लागतो आणि ड्रमवर थोडा हलका फिरतो. पण रस्त्यावर कुणी २८ मध्ये २५ इतकी हवा भरत नाही आणि भरूही नये. हवा कमी करून दोन्ही टायर सारखेच मऊ केले की फरक जवळजवळ मिटतो. बायसिकल रोलिंग रेझिस्टन्स या डच चाचणी उपक्रमाने कॉन्टिनेंटलच्या ग्रां प्री ५००० या एकाच टायरची वेगवेगळी मापे घेऊन हे तपासले. दाब सारखा ठेवला तेव्हा रुंद माप पुढे राहिले. दबणे सारखे ठेवले तेव्हा सगळी मापे जवळपास एका ओळीत आली. म्हणजे २८ ने मिळते ती मुख्यतः जास्त हवेची गादी. खडबडीत रस्त्यावर ती मोलाची असते, यात शंका नाही. पण २५ मिमीवर बसलेला माणूस रुंदी कमी म्हणून मागे पडतो, या म्हणण्याला त्या चाचण्यांत आधार नाही.

मग सायकल हळू का लागते? बहुतेक वेळा टायर स्वतःच जड आणि कडक असतो म्हणून. टायरमधला खरा फरक रुंदीत नसून केसिंगमध्ये, म्हणजे रबराखालच्या कापडात, आणि रबराच्या मिश्रणात असतो. बारीक धाग्याचे लवचिक कापड आणि त्यावर पातळ रबर असलेला टायर खड्याला वाट देतो आणि पुढे जातो. जाडजूड कापड, आत चिलखतासारखा पट्टा आणि टणक रबर असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात स्वतःला वाकवण्यातच ताकद खातो. ग्रां प्री ५००० सारखा चांगला टायर आणि पंक्चर अडवण्यासाठी बनवलेला गेटरस्किनसारखा टायर यांच्यात, दोन्ही चाके धरून, दहा वॅटहून जास्त फरक पडतो. हौशी स्वार तासन्तास १५०-१७० वॅटवर चालतो. त्याच्यासाठी एवढा फरक म्हणजे मुळशीच्या चढावर पाय मोडणे आणि न मोडणे यातला फरक आहे, आणि तो रुंदीने पडत नाही.

आता फटीकडे येऊ, कारण दुसरा सल्ला, ‘थोडा घासेल, पण टाक’, हा तिघांत सर्वांत घातक आहे.

रिम ब्रेकच्या रोड बाइकचा कॅलिपर साधारणपणे ३९ ते ४९ मिमी पोहोचेचा असतो. म्हणजे रिमपासून ब्रेकच्या कमानीपर्यंतची उंची मुळातच ठरलेली असते, आणि त्या काळी ती २३ किंवा २५ मिमी टायर डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली होती. शिमानोने २०१६ मध्ये ड्युरा-एस आर९१०० जाहीर केला तेव्हा त्याच्या ब्रेकखाली २८ मिमी बसतो ही गोष्ट नवी म्हणून सांगितली गेली, इतकी ती तोवर दुर्मीळ होती. शिवाय एक साधी भूमिती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टायरची कड रिमवर जिथे बसते तो व्यास, ६२२ मिमी, बदलत नाही. त्यामुळे २३ चा २८ केला की बाजूंना प्रत्येकी अडीच मिलिमीटर वाढतात, पण वर जवळजवळ पूर्ण पाच. टायर आधी अडतो तो बाजूला नाही. फोर्कच्या मुकुटाखाली, कॅलिपरच्या पोटाला किंवा सीट ट्यूबच्या मागे अडतो. चेन स्टेकडे पाहून ‘जागा आहे की’ म्हणणारा माणूस चुकीच्या ठिकाणी पाहत असतो.

स्टीलच्या फ्रेमला टायर घासला तर रंग जातो, गंज धरतो, दुरुस्ती होते. कार्बनला घासला तर धागे कापले जातात. ताम्हिणीत किंवा कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यावर पावसात टायरला चिकटलेली ओली वाळू एका मिलिमीटरच्या फटीत काचकागदाचे काम करते, आणि मिनिटाला शेकडो फेऱ्यांनी करते. वरचा लाखेचा थर गेला की आतला राळ-धाग्यांचा थर उघडा पडतो. चेन स्टे ही फ्रेममधली ताकद सोसणारी नळी आहे. तिच्या आतल्या बाजूला खाच पडलेली फ्रेम चांगल्या कारागिराकडे नेऊन दुरुस्त होऊ शकते, पण तो खर्च आणि ती चिंता एका टायरसाठी ओढवून घेण्यात काहीच शहाणपण नाही. त्यात उभे राहून चढ मारताना चाक आणि फ्रेम दोन्ही थोडी वाकतात. जुन्या चाकांना मागे बऱ्याचदा २० किंवा २४ आरे असतात. एक आरा तुटला की रिम काही मिलिमीटर आऊट जाते. मोकळी फट असेल तर ब्रेक सैल करून घरी येता येते. फट नसेल तर चाक जागीच अडकते, आणि ते उतारावर अडकले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

म्हणून सर्व बाजूंनी चार मिलिमीटर मोकळे असावेत, हा जाणत्या मेकॅनिकांचा नियम पाळायलाच हवा. त्यासाठी मोजपट्टीही लागत नाही. चार मिमीची एलन की टायर आणि फ्रेम यांच्यामधून सगळीकडे, वर-खाली-बाजूला, न अडकता फिरली पाहिजे. तीन मिमीची फिरते आणि चारची अडते अशी स्थिती असेल, तर कोरड्या, स्वच्छ रस्त्यापुरते काही अनुभवी लोक चालवतात. पावसाळ्यात ती जोखीम कुणी घेऊ नये. ब्रेकचे पोट कानशीने घासून जागा करणे किंवा फोर्कच्या आतला थर खरवडणे हे प्रकार तर कुठल्याच हवामानात माफ नाहीत.

आणि तरीही ‘जुन्या सायकलीत २८ बसतच नाही’ हेही खरे नाही. छापील आकड्यावर भरवसा ठेवणाऱ्या दोन्ही बाजू इथे तोंडघशी पडतात. टायर किती फुगेल हे रिमच्या आतल्या रुंदीवर ठरते. रिम एक मिलिमीटर रुंद झाली की टायर सुमारे ०.४ मिमीने वाढतो. जुन्या माव्हिक ओपन प्रोसारख्या रिमची आतली रुंदी १५ मिमी. आजच्या रिम १९, २१, २३ मिमीच्या. नवे टायर या रुंद रिम गृहीत धरून बनवले जातात. त्यामुळे आजचा २८ छापलेला टायर जुन्या १५ मिमीच्या रिमवर २६-२७ च भरू शकतो, आणि काही फ्रेममध्ये तो निवांत बसतो. उलट, कॉन्टिनेंटलच्या आधीच्या ग्रां प्री ४००० एस २ चा २५ मिमीचा टायर जरा रुंद रिमवर २७ च्या पुढे जात असे. तो ‘२५ च तर आहे’ म्हणून बसवणाऱ्या कित्येकांच्या फ्रेम त्याने घासल्या. टायर बसवून, हवा भरून, एक रात्र ठेवून व्हर्नियर कॅलिपरने मोजलेला आकडा तेवढा खरा.

फ्रेमही सगळ्या सारख्या नसतात. स्पेशलाइज्डची २००४ मध्ये आलेली रूबे किंवा ट्रेकची २०१२ मध्ये आलेली डोमाने या मुळातच दगडी रस्ते आणि लांब पल्ले डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या होत्या; फाबियान कान्सेलाराने २०१३ मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स आणि पॅरिस-रूबे या दोन्ही शर्यती डोमानेवर जिंकल्या. अशा वंशाच्या फ्रेममध्ये जागा थोडी जास्त सापडते. याच्या दुसऱ्या टोकाला सर्वेलोच्या एस मालिकेसारख्या एरो फ्रेम आहेत, ज्यांची सीट ट्यूब मागच्या चाकाला मिठी मारल्यासारखी वळलेली असते. तिथे २५ सुद्धा मोजूनच घालावा लागतो. पुढे-मागे एकच माप असले पाहिजे असा नियम कुठेही नाही. मागच्या चाकावर वजन जास्त येते, आणि कित्येक सायकलींत अडचण फक्त पुढच्या फोर्कमध्ये असते. पुढे २५ आणि मागे २८ ही जोडी अगदी योग्य आहे. ती दिसायला विजोड वाटते म्हणून नाकारणारे दुकानदार ग्राहकाचे नुकसान करतात.

जागा २५ पुरतीच असली तरी रडण्याचे कारण नाही. सेकंड हँड मिळणाऱ्या बहुतेक जुन्या सायकलींवर २३ मिमीचे टायर असतात. हवेचे आकारमान रुंदीच्या वर्गाने वाढते. २३ चा २५ केला की ते १८ टक्क्यांनी वाढते. दोन मिलिमीटरांत एवढी कमाई होते आणि फ्रेमला धक्का लागत नाही. ज्या सायकलीला लोक भंगारात काढायला निघाले आहेत, ती लवचिक २५ आणि योग्य हवेवर चालवून पाहावी. मगच तिच्याबद्दल बोलावे.

योग्य हवा म्हणजे किती, यावर तिसऱ्या सल्ल्याचे सगळे बळ उभे आहे, आणि तिथेच ते कोसळते.

सत्तर किलोचा स्वार आणि आठ किलोची सायकल धरली तर मागच्या चाकावर ४३ किलोच्या आसपास भार येतो. १२० पीएसआयला टायर रस्त्याला फक्त पाच चौरस सेंटीमीटरच्या तुकड्याने धरतो; ८० ला तोच तुकडा जवळजवळ पावणेआठचा होतो. वळणावर, ओल्या रस्त्यावर, ब्रेक मारताना सायकलीला धरून ठेवणारे जे काही आहे ते एवढेच. ते एक तृतीयांशाने कमी करून मिळते काय, तर एक्स्प्रेस-वेइतक्या गुळगुळीत डांबरावर नाममात्र फायदा. आणि तिथे सायकलला बंदी आहे. पानशेत, वरसगाव, जुना मुंबई-पुणे हायवे, या रस्त्यांवरचे खरखरीत डांबर आणि ठिगळे १२० पीएसआयवर हाडांत जाणवतात. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. ती शिफारस समजून हवा भरणारे आजही असंख्य आहेत, आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा त्यांना साथ देतो. वर दिलेल्या वजनाला २५ मिमीवर पुढे ७५ आणि मागे ८० ते ८५ पीएसआय ही चांगली सुरुवात आहे. तिथून पाच-पाचने कमी करत जावे. रिमला खड्ड्याचा ठोका लागायला लागला की थांबावे आणि पाच वाढवावे. ९० किलोच्या माणसाला अर्थातच जास्त लागेल, आणि ५० किलोच्या मुलीला ६५ सुद्धा पुरेल. तिला १०० भरून देणारा दुकानदार सायकलीचा सगळा आनंद तिच्याकडून हिरावून घेत असतो.

पंक्चरच्या भीतीचे काय? ती खोटी नाही. हायवेच्या कडेला ट्रकचे फुटलेले टायर विखुरलेले असतात, आणि त्यांच्यातून सुटलेल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा सायकलच्या टायरमध्ये घुसतात. मराठवाड्यात बाभळीचा काटा आहे. पावसात पाणी कडेची काच आणि खडी रस्त्यावर आणते, आणि ओले रबर सहज कापले जाते. पण हवा १२० केल्याने यातले काहीच थांबत नाही. कडक टायर तारेवर जास्त जोरात दाबला जातो. जास्त हवेने टळते ते एकच, रिम आणि खड्डा यांच्यात ट्यूब चिमटून पडणारे दोन भोकांचे पंक्चर, आणि त्यासाठी वर सांगितलेली हवा पुरेशी आहे. सेकंड हँड सायकलीत वारंवार होणाऱ्या पंक्चरचे मूळ तर बऱ्याचदा टायरमध्ये नसतेच. रिमच्या आतली पट्टी सरकलेली असते आणि आऱ्याच्या भोकाची धार ट्यूब कापते, किंवा मागच्या पंक्चरची तार टायरमध्येच राहिलेली असते. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर नवा जाड टायर घेणे म्हणजे पैसे फेकणे. नवी रिम टेप काही रुपयांत येते.

इथे एक सवलत प्रामाणिकपणे द्यायला हवी. रात्रीच्या हायवेवर ६०० किमीची ब्रेव्हे, जिला ४० तासांची मुदत असते, किंवा पुणे ते गोवा ६४३ किमीची डेक्कन क्लिफहँगर करणाऱ्याला पंक्चर काढण्यात गेलेली मिनिटे आणि अंधारात कडेला उभे राहण्याचा धोका दोन्ही मोजावे लागतात. त्याने मधला मार्ग घ्यावा: चांगल्या कापडाचा, पण मध्ये संरक्षक पट्टा असलेला टायर. कॉन्टिनेंटलचा ग्रां प्री फोर सीझन या जातीचा आहे. रविवारी सिंहगड पायथ्याला जाऊन येणाऱ्याला मात्र चिलखती टायर विकणे चूक आहे. तो वर्षभर प्रत्येक किलोमीटरला दंड भरत राहतो, आणि त्या बदल्यात त्याची दोन-चार पंक्चर वाचतात.

ट्यूबलेसची घाई तर या सायकलींसाठी सरळ नाकारावी. जुन्या रिमचा आतला आकार ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवण्यासाठी बनलेला नसतो. टेप चिकटवून, सीलंट ओतून ‘कन्व्हर्ट’ करून देतो म्हणणारे आहेत. माउंटन बाइकवर, कमी दाबाला ते कदाचित चालून जाईल. रोड बाइकच्या दाबाला त्या रिमवरून टायर उडू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये थॉमस डी गेन्ट पडला, त्याचा टायर रिमवरून सुटला, आणि टायर-रिमच्या मापांची जोडी जुळणे किती नाजूक असते यावर व्यावसायिक सायकलिंगमध्ये वादळ उठले. तो तर कारखान्याने जुळवलेल्या, कडेला आकडा, म्हणजे हूक, नसलेल्या आधुनिक हुकलेस रिमचा मामला होता. त्या हुकलेस रिमला ५ बारची, म्हणजे ७२ पीएसआयची, कमाल मर्यादा असते. जुन्या रिमला कडेला आकडा असतो, ती साधा क्लिंचर टायर घट्ट धरते आणि तिला ही मर्यादा लागू नाही. ज्याला जुनाटपणा म्हणून हिणवले जाते ते इथे सायकलीचे बळ आहे. साधा टायर, आत ट्यूब, खिशात पॅच आणि सोल्युशन. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ही सायकल पुन्हा रस्त्यावर येते.

ट्यूबबद्दल मात्र रिम ब्रेकवाल्याने सावध असावे. गुलाबी-पिवळ्या टीपीयू ट्यूब हलक्या असतात, छान फिरतात, पण ब्रेक मारताना रिम तापते आणि काही उत्पादक आपल्या सर्वांत हलक्या टीपीयू ट्यूबवर ‘फक्त डिस्क ब्रेकसाठी’ असे स्पष्ट सांगतात. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट हजार मीटरहून जास्त उतरतो. त्या उतारावर, विशेषतः कार्बनच्या रिमवर, साधी ब्युटाइल ट्यूब घालण्यात कमीपणा नाही. लेटेक्स ट्यूब कार्बन रिम आणि रिम ब्रेक यांच्याबरोबर अनेक चाक-उत्पादक वर्ज्य मानतात, तेही याच कारणासाठी.

टायरच्या पृष्ठभागावरच्या नक्षीवर वेळ घालवू नये. ८० पीएसआयच्या सायकल टायरखाली पाण्याचा थर साचून तो तरंगायला वेग ताशी १५० किमीच्या आसपास लागतो. गुळगुळीत टायर ओल्या डांबरावर रबराच्या दर्जाने धरतो, खाचांनी नाही.

जुनी सायकल घेताना विकणारा हमखास म्हणतो, टायर जवळजवळ नवे आहेत. कमी चाललेला टायर नवा नसतो. ऊन आणि ओझोन रबराला कोरडे करतात. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या, अंगठ्याने दाबल्यावर रबर टणक लागले, तर तो कितीही काळाभोर दिसत असला तरी उतरवावा. कॉन्टिनेंटलच्या टायरवर दोन छोट्या खळग्या असतात. त्या बुजल्या की आयुष्य संपले. रिमची ब्रेक घासणारी बाजू बोटाने चाचपावी. ती आत खोल गेलेली असेल तर रिमची भिंत पातळ झाली आहे, आणि तिच्यावर कोणताच टायर भरवशाचा नाही.

एका गोष्टीत तर अजिबात हयगय नको. २०१० च्या आसपासच्या महागड्या कार्बन सायकलींवर पुष्कळदा ट्यूब्युलर चाके असतात, ज्यांचा टायर रिमला डिंकाने चिकटवलेला असतो. तो डिंक जुना झालेला असतो आणि कुणी, कधी, कसा लावला हे कळायला मार्ग नसतो. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये, १४ जुलैला गॅपजवळच्या उतारावर, उन्हाने वितळलेल्या डांबरावर होसेबा बेलोकीचे मागचे चाक घसरले आणि टायर रिमवरून निघाला. मांडीचे हाड, कोपर आणि मनगट मोडले. शर्यत जिंकण्याच्या जवळ आलेला तो स्वार पुन्हा कधी त्या उंचीवर पोहोचला नाही. तो जगातल्या उत्तम मेकॅनिकांच्या हाताखालचा टायर होता. अनोळखी डिंकावर सिंहगड उतरायला कुणी निघू नये. असे चाक मिळाले तर ते बाजूला ठेवावे आणि साधी ॲल्युमिनियमची क्लिंचर चाके घ्यावी; सेकंड हँड बाजारात ती स्वस्तात मिळतात, कारण सगळे डिस्ककडे धावत आहेत.

मग एवढ्यावर काय बसवायचे? चार मिमीची एलन की जिथे फिरते तिथवरचा, २५ किंवा मोजून २८ भरणारा, ग्रां प्री ५००० किंवा व्हिटोरियाच्या कॉर्सासारखा लवचिक क्लिंचर. बजेट आखूड असेल तर त्याच कंपन्यांच्या एक पायरी खालचे, पण चिलखत नसलेले टायर. आत ब्युटाइल ट्यूब, आणि नवी रिम टेप. नवा टायर नेहमी पुढे लावावा, आणि मागचा झिजला म्हणून त्याला पुढे आणू नये. मागे हवा गेली तर सायकल डुलते, पुढे गेली तर माणूस पडतो. सारे बसवून झाल्यावर चेन स्टेच्या आतल्या बाजूला आणि फोर्कच्या मुकुटाखाली पारदर्शक टेपचा तुकडा चिकटवावा. पहिल्या पावसाळी फेरीनंतर, सायकल धुण्याच्या आधी, तो टेप पाहावा. त्यावर ओरखडे उमटले असतील, तर दुकानात कुणी काहीही सांगो, एक माप खाली यावे.